आधी पोथ्या वाचवा: सेंट गॅलन नावाच्या मठगावाची गोष्ट

स्वित्झर्लंडच्या ईशान्य टोकाला, कॉन्स्टन्स सरोवरापासून थोडं आत, एका अरुंद खोऱ्यात सेंट गॅलन हे शहर वसलं आहे. तिथली माणसं त्याला ‘झांक्ट गालन’ म्हणतात. तिथल्या जुन्या मठाच्या ग्रंथालयात शिरताना दाराशी नमद्याच्या मोठमोठ्या सपाता मांडलेल्या असतात. बूट काढायचे नाहीत, ते तसेच सपातांत खुपसायचे आणि पाय न उचलता घसटत आत जायचं. आतली लाकडी जमीन अडीचशे वर्षांची आहे. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे जोडून तिच्यात मोठाल्या चांदण्या बसवल्या आहेत. त्यांच्यावर ओरखडा उठू नये म्हणून ही काळजी. दारावर ग्रीक भाषेत दोनच शब्द आहेत. अर्थ असा की, हा आत्म्याचा दवाखाना आहे.

या दिवाणखान्यात आणि त्याच्या कोठारात मिळून सुमारे १,७०,००० पुस्तकं आहेत. त्यांतली साधारण २,१०० हस्तलिखितं, आणि त्यांतली चारशेहून अधिक इसवी सन १००० च्या आधीची. हजार वर्षांपूर्वी ज्या आवारात ती लिहिली गेली किंवा वाचली गेली, त्याच आवारात ती आजही आहेत. दरम्यान त्या आवारानं लुटालूट पाहिली, आग पाहिली, धर्मयुद्ध पाहिलं, आणि शेवटी मठच बंद पडलेला पाहिला. पुस्तकं मात्र प्रत्येक वेळी कुणी ना कुणी वाचवली. सेंट गॅलनचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. त्यात संन्यासी आहेत, सम्राट आहेत, कापडव्यापारी आहेत आणि एक अस्वलही आहे. पण हातात एकच दोरा धरायचा तर मी पोथ्या वाचवण्याचा दोरा धरेन. बाकी सगळं त्यालाच ओवता येतं.

झोपडीपासून मठापर्यंत

इसवी सन ६१२ च्या सुमाराची गोष्ट. आयर्लंडहून निघालेला कोलंबानस नावाचा एक संन्यासी आपल्या शिष्यांसह युरोपभर हिंडत होता. कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी काही काळ राहून तो इटलीकडे निघाला, तेव्हा त्याचा एक सोबती गालुस तापानं आजारी होता. तो मागे राहिला. बरा झाल्यावर एका स्थानिक वाटाड्याला घेऊन तो श्टाइनाख नदीच्या काठानं जंगलात शिरला. एका धबधब्यापाशी त्याचा पाय अडकला आणि तो काटेरी झुडपात पडला. हा देवाचा कौल आहे असं मानून त्यानं तिथेच झोपडी बांधली.

त्याच रात्रीची अस्वलाची कथा आहे. गालुस प्रार्थनेत असताना उरलेल्या अन्नाच्या वासानं अस्वल आलं. गालुस घाबरला नाही. त्यानं अस्वलाला सांगितलं, शेकोटीत लाकूड घाल. अस्वलानं ओंडका आणून घातला, गालुसनं त्याला भाकरी दिली आणि पुन्हा इकडे फिरकू नकोस म्हणून बजावलं. ही दंतकथाच आहे, पण शहराच्या मानचिन्हावर आजही तेच अस्वल उभं आहे आणि तिथल्या मधाच्या मसालेदार केकवर त्याचाच छाप उमटवलेला असतो. ज्या घळीत गालुस पडला असं मानतात, तिथून १८९३ पासून डोंगर चढणारी एक छोटी रेल्वे जाते.

गालुसनं मठ काढला नव्हता. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या समाधीपाशी लोक येत राहिले. ७१९ मध्ये ओटमार नावाच्या धर्मगुरूनं तिथे रीतसर मठ स्थापन केला, आणि ७४७ मध्ये मठानं संत बेनेडिक्टची नियमावली स्वीकारली. ती थोडक्यात अशी: दिवसातून ठरलेल्या वेळी सामुदायिक प्रार्थना, ठरलेल्या वेळी अंगमेहनत आणि ठरलेल्या वेळी वाचन. खाजगी मालमत्ता नाही, आणि मठ सोडून जायचं नाही. वाचन हा नियमच असल्यामुळे पुस्तकं लागणार. पुस्तकं विकत मिळत नव्हती, म्हणजे ती उतरवून काढावी लागणार. त्यासाठी चर्मपत्र हवं, म्हणजे कळप हवेत, म्हणजे कुरणं हवीत. मठाचं ग्रंथालय आणि मठाची शेतीवाडी ही अशी एकाच गाठीत बांधलेली होती.

जमीन आली दानातून. आपल्या आत्म्याच्या सद्गतीसाठी मठानं प्रार्थना करावी म्हणून भोवतालचे शेतकरी आणि जमीनदार शेतं, द्राक्षमळे, कधी कुळांसकट वाड्या मठाला देत. त्याची दानपत्रं होत. अशी शेकडो मूळ दानपत्रं मठाच्या दप्तरात आजही जपलेली आहेत. ८१८ मध्ये सम्राट लुई द पायसनं मठाला थेट आपल्या छत्राखाली घेतलं. स्थानिक सरदाराचा हुकूम तिथे चालेनासा झाला. संन्याशाच्या झोपडीच्या जागी आता जमीन, कुळं, न्यायाचा अधिकार आणि सम्राटाचं संरक्षण असलेली एक संस्था उभी होती. अशा संस्थेला सुतार, लोहार, चांभार, गवळी, गाडीवान लागतात. ते मठाच्या भिंतीलगत राहू लागले, त्यांच्यासाठी बाजार भरू लागला, आणि गाव तयार झालं.

एक नकाशा, जो पुस्तक झाल्यामुळे टिकला

मठाच्या आत नेमकं काय काय असायचं, हे सांगणारी एक विलक्षण वस्तू इथे आहे. ८२५ च्या सुमारास, शेजारच्या रायखेनाउ बेटावरच्या मठात कुणीतरी एका आदर्श मठाचा आराखडा काढला आणि सेंट गॅलनचा मठाधिपती गोझबर्ट याला प्रेमभेट म्हणून पाठवला. चर्मपत्राचे पाच तुकडे शिवून केलेला तो कागद ११२ सेंटिमीटर लांब आणि साडेसत्त्याहत्तर सेंटिमीटर रुंद आहे. लाल शाईच्या रेघांनी त्यात चर्च, शाळा, पाहुण्यांची घरं, भटारखाना, बिअर गाळायची जागा, कोंबड्यांची आणि कलहंसांची खुराडी, रक्त काढून उपचार करण्याची खोली, शौचकूप, असं सगळं दाखवलं आहे. तीनशेहून अधिक बारीक टिपा आहेत. स्मशान वेगळं नाही, फळबागेतच आहे. सफरचंद, नास्पती, अंजीर, अक्रोडाच्या झाडांमध्ये संन्याशांच्या कबरी.

माझं मन रमतं ते आजाऱ्यांच्या घराशेजारच्या औषधी बागेत. तिथे सोळा वाफे आहेत आणि प्रत्येकात कोणती वनस्पती लावायची ते लिहिलं आहे. लिली, गुलाब, पुदिना, रोझमेरी ही नावं वाचत जावं आणि मध्येच मेथी यावी, जिरं यावं, बडीशेप यावी. आल्प्सच्या पायथ्याशी बाराशे वर्षांपूर्वी दुखण्यावर इलाज म्हणून मेथीचा वाफा आखणारा तो हात मला फार जवळचा वाटतो.

हा मठ आराखड्याबरहुकूम कधी बांधला गेला नाही. पण कागद कसा टिकला ते पाहण्यासारखं आहे. बाराव्या शतकात एका लेखकाला संत मार्टिनचं चरित्र उतरवायला चर्मपत्र हवं होतं. त्यानं हा नकाशा घडी घालून पुस्तकासारखा केला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर चरित्र लिहून काढलं. जागा कमी पडली तेव्हा पुढच्या बाजूचा एक कोपरा खरवडून त्यावरही लिहिलं, आणि एका इमारतीचं चित्र कायमचं गेलं. पण त्यामुळे नकाशा ‘संतचरित्र’ म्हणून फडताळात राहिला. नाहीतर बिनकामाचा कागद म्हणून तो केव्हाच गेला असता. आज जर्मनीतल्या मेसकिर्ख गावाजवळ २०१३ पासून काही लोक याच आराखड्यावरून, त्या काळच्या हत्यारांनी, खरोखरचा मठ बांधत आहेत.

तोतरा कवी, जाड ओठांचा गुरू

नववं आणि दहावं शतक हा मठाचा सुवर्णकाळ. त्यातल्या दोघांची ओळख करून द्यायलाच हवी, आणि दोघांचंही नाव नोटकर आहे.

पहिला नोटकर बालबुलुस, म्हणजे तोतरा. जन्म ८४० च्या सुमाराचा, मृत्यू ९१२. चर्चच्या गायनात ‘अलेलुया’ या शब्दाचा शेवटचा ‘या’ लांबवत नेण्याची रीत होती. शब्द नाहीत, नुसता आलाप. तरुण नोटकरला ते लांब आलाप लक्षातच राहात नसत. तेवढ्यात नॉर्मन लुटारूंनी उद्ध्वस्त केलेल्या फ्रान्समधल्या एका मठातून पळालेला संन्यासी सेंट गॅलनला आला. त्याच्या पोथीत अशा आलापांवर शब्द बसवलेले होते. नोटकरनं तशी रचना करून पाहिली. त्याच्या गुरूनं, ईसोनं, ती वाचून सुधारणा सांगितली: स्वराच्या प्रत्येक हालचालीला एक अक्षर असू दे. तेवढ्यानं काम झालं. आलाप पाठ राहू लागले आणि एक नवा काव्यप्रकार रुजला, जो पुढे युरोपभर गायला गेला. ज्याची जीभ बोलताना अडखळायची, त्यानं हजारो गळ्यांना शब्द दिले. चाली लिहून ठेवायची सोयही या मठानं केली होती. ९२५ च्या आसपास लिहिलेली इथली एक गायनपोथी जगातल्या सर्वांत जुन्या पूर्ण स्वरचिन्हांकित पोथ्यांपैकी आहे. शब्दांच्या डोक्यावर मुंगीच्या पायांसारख्या बारीक खुणा, आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबवायचा हे सांगणाऱ्या.

दुसरा नोटकर शंभर वर्षांनंतरचा. जाड ओठांचा म्हणून लाबेओ. हा शाळेचा प्रमुख होता. लॅटिन ही ज्ञानाची भाषा, आणि पोरांच्या घरी बोलली जाणारी जर्मन अडाण्यांची, असा तो काळ. नोटकरनं ॲरिस्टॉटल, बोएथियस आणि स्तोत्रसंहिता आपल्या विद्यार्थ्यांसाठी जर्मनमध्ये आणली. एका बिशपला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की परभाषेत जे जेमतेम कळतं किंवा अर्धवटच कळतं, ते मातृभाषेतून चटकन कळतं. मराठीत शिकलेल्या आणि मराठीत लिहिणाऱ्या माणसाला या वाक्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १०२२ मध्ये साथीच्या रोगात तो गेला. याच ग्रंथालयात आठव्या शतकाच्या अखेरचा एक लॅटिन-जर्मन शब्दसंग्रहही आहे. जर्मन भाषेतलं उपलब्ध सर्वांत जुनं पुस्तक म्हणून तो ओळखला जातो. त्यातला पहिला लॅटिन शब्द ‘आब्रोगान्स’, त्याचा अर्थ नम्र.

आधी पोथ्या

९२६ च्या वसंतात हंगेरियन घोडेस्वारांच्या टोळ्या दक्षिण जर्मनीत घुसल्या. त्या वेळी गावातल्या संत माग्नुसच्या चर्चला लागून एका बंद खोलीत विबोराडा नावाची स्त्री राहात होती. तिनं स्वतःला त्या खोलीत चिणून घेतलं होतं, म्हणजे दार भिंतीनं बुजवून फक्त खिडकी उघडी ठेवली होती. त्या खिडकीतून लोक तिचा सल्ला घेत. परंपरा सांगते की तिला हल्ल्याची चाहूल आधीच लागली होती, आणि मठाधिपतीला तिनं बजावलं: आधी पोथ्या हलवा, मग सोन्याचांदीची पात्रं, मग माणसं. पोथ्या रायखेनाउला रवाना झाल्या. संन्याशांनी जवळच्या डोंगरावर तटबंदी करून आसरा घेतला. विबोराडानं मात्र आपली खोली सोडायला नकार दिला. हल्लेखोरांनी छपरातून उतरून तिला कुऱ्हाडीनं मारलं. १०४७ मध्ये पोपनं तिला संतपद दिलं. रीतसर संतपद मिळालेली ती पहिली स्त्री मानली जाते. ग्रंथपालांची ती रक्षणकर्ती संत. चित्रांत तिच्या एका हातात पुस्तक असतं आणि दुसऱ्या हातात ती कुऱ्हाड.

याच हल्ल्याची आणखी एक हकिकत एकेहार्ट नावाच्या मठाच्या बखरकारानं शंभर वर्षांनंतर लिहून ठेवली. हेरिबाल्ट नावाचा एक भोळसर संन्यासी पळून जायला तयारच होईना. त्याचं म्हणणं, भांडारप्रमुखानं मला यंदा जोड्यांसाठी चामडं दिलेलं नाही, मी कुठेही जाणार नाही. हंगेरियन आले, त्यांनी त्याला पाहिलं, त्याचं भोळेपण ओळखलं आणि हातही लावला नाही. उलट मांस खायला घातलं, दारू पाजली. नंतर भाऊबंदांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला की आपल्या मठात इतकी आनंदी माणसं मी कधी पाहिली नव्हती. एकेहार्टनं आपल्या मठाच्या सर्वांत भयंकर दिवसाचं वर्णन करताना शत्रूबद्दलचं हे वाक्यही गाळलं नाही, याबद्दल मला त्याच्याविषयी आदर वाटतो.

तोच एकेहार्ट एक बारीक नोंद करतो. धोका टळल्यावर रायखेनाउहून पोथ्या परत आल्या. मोजल्या, तर संख्या बरोबर भरली, पण पोथ्या त्याच नव्हत्या.

अकरा वर्षांनी, ९३७ मध्ये, आग लागली. शाळेतल्या एका मुलाला शिक्षा होणार होती. छड्या आणायला त्यालाच माळ्यावर पाठवलं. मार चुकवायचा म्हणून त्यानं शेगडीतलं जळतं लाकूड छपराच्या लाकडांत खुपसलं. मठाचा मोठा भाग जळाला. पोथ्यांतल्या बहुतेक पुन्हा वाचल्या.

अंधार

पुढची तीनशे वर्षं मठ लढाया, जमिनी आणि मानपान यांत गुंतत गेला. मठाधिपती साम्राज्यातला संस्थानिक झाला होता, चिलखत चढवून स्वाऱ्या करीत होता. तेराव्या शतकाच्या अखेरीस अशी वेळ आली की खुद्द मठाधिपतीलाच लिहिता येत नव्हतं. लेखनासाठी युरोपात नाव असलेल्या मठाची ही दशा.

१४१६ मध्ये कॉन्स्टन्सला धर्मपरिषद भरली होती. तिथे आलेला पोज्जो ब्राच्चोलिनी हा इटालियन विद्वान पुस्तकांच्या शोधात सेंट गॅलनला पोचला. एका बुरुजाच्या तळाशी, धुळीत आणि बुरशीत, त्याला क्विंटिलियन या प्राचीन रोमन गुरूच्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथाची संपूर्ण प्रत सापडली. तोवर इटलीतल्या विद्वानांना तो ग्रंथ तुटक अवस्थेतच माहीत होता. पोज्जोनं पत्रात कळवळून लिहिलं की फाशीची शिक्षा झालेल्या गुन्हेगारालाही कुणी अशा जागी टाकणार नाही. त्यानं तो स्वतःच्या हातानं उतरवून घेतला. आधीच्या पिढ्यांनी जीव लावून वाचवलेलं पुस्तक नंतरच्या पिढ्यांनी सडायला टाकलं होतं, पण फेकलं नव्हतं. तेवढ्यावर निभावलं.

गाव मोठं होतं, मठाशी भांडतं

गावाला श्रीमंत केलं ते लिननं. जवसाच्या झाडाच्या धाग्याचं हे कापड कॉन्स्टन्स सरोवराच्या भोवताली विणलं जाई आणि सेंट गॅलनच्या कुरणांवर आठवडेच्या आठवडे पसरून, पाणी शिंपडून, उन्हानं पांढरं केलं जाई. जुन्या चित्रांत शहराभोवतीचे उतार बर्फ पडल्यासारखे पांढरे दिसतात, ते हे कापड. तपासनिसांनी दर्जा पाहून शिक्का मारल्याखेरीज ठाण बाहेर जात नसे, म्हणून सेंट गॅलनचा शिक्का दूरदूरच्या बाजारांत चाले.

पैसा आला की माणसाला धनी नकोसा होतो. मठाच्या डोंगराळ मुलखातले शेतकरी तर आधीच उठले होते. त्यांच्या मुलखाचं नाव आपेनझेल, आणि त्याचा मूळ अर्थच ‘मठाधिपतीची कोठी’. त्यांनी १४०३ आणि १४०५ च्या लढायांत मठाच्या बाजूच्या फौजांना हरवलं. शहरानं वेगळा मार्ग धरला. १४५७ मध्ये ७,००० गुल्डन मोजून त्यानं मठाच्या सत्तेतून आपली सुटका विकत घेतली.

आता चित्र असं झालं: मठाचं आवार शहराच्या पोटात, आणि शहर मठाच्या मुलखाच्या पोटात. मठाधिपतीला आपल्या मुलखात जायला शहराच्या वेशीतून जावं लागे, आणि शहराच्या माणसाला वेशीबाहेर पाऊल टाकलं की मठाच्या राज्यात जावं लागे. उलरिक रोश या तडफदार मठाधिपतीनं कंटाळून मठच सरोवराकाठच्या रोरशाखला हलवायचं ठरवलं आणि बांधकाम काढलं. मठ गेला तर यात्रेकरू आणि व्यापार जाईल या भीतीनं शहराच्या आणि आपेनझेलच्या लोकांनी १४८९ मध्ये ते पाडून टाकलं. मठाची सत्ता नको, पण मठ हवा, अशी ती ओढाताण होती.

तिच्यात धर्मसुधारणेची भर पडली. शहराचा नेता वादियान हा डॉक्टर, विद्वान, व्हिएन्ना विद्यापीठाचा एकेकाळचा कुलगुरू. त्याच्या पुढाकारानं १५२० च्या दशकात शहर प्रोटेस्टंट झालं. १५२९ च्या फेब्रुवारीत लोकांनी मठाच्या चर्चमध्ये घुसून मूर्ती, वेद्या, चित्रं फोडली आणि गाड्या भरभरून नेऊन जाळली. पण जमावानं पोथ्यांना हात लावला नाही. वादियान स्वतः त्या पोथ्यांत रमणारा इतिहासकार होता. आपली पुस्तकं त्यानं मरताना शहराला दिली. त्यातून झालेलं शहराचं ग्रंथालय आजही त्याच्या नावानं चालतं.

तीन वर्षांत कॅथलिक मठाधिपती परतला. आता एकाच गावठाणात दोन धर्म, दोन सरकारं, दोन कायदे. अखेर १५६७ च्या सुमारास मठ आणि शहर यांच्या मध्ये उंच भिंत घातली गेली. मठाधिपतीला शहरात पाऊल न टाकता बाहेर पडता यावं म्हणून तटाला स्वतंत्र वेस पाडली. मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ १५७० मध्ये आले, त्यांच्या नावानं ती आज ‘कार्ल वेस’ म्हणून ओळखली जाते. ती उभी आहे. भिंतीचा मात्र तुकडाच उरला आहे. अडीचशे वर्षं शेजाऱ्यांनी भिंतीच्या अल्याड-पल्याड एकमेकांच्या घंटा ऐकत काढली.

१७१२ च्या धर्मयुद्धात झुरिक आणि बर्नच्या सैन्यानं मठ ताब्यात घेतला आणि ग्रंथालय गाड्यांवर घालून नेलं. बरंचसं पुढे परत मिळालं, पण झुरिकनं काही हस्तलिखितं आणि सोळाव्या शतकातला एक भव्य पृथ्वीगोल ठेवून घेतला. हा वाद कधी मिटला असेल? २००६ मध्ये. त्यांतली मोलाची हस्तलिखितं बेमुदत कर्जाऊ म्हणून परत आली, आणि पृथ्वीगोलाची हुबेहूब प्रतिकृती झुरिकनं स्वखर्चानं करून दिली.

मठ संपतो, आवार राहतं

अठराव्या शतकाच्या मध्याला मठानं नवं चर्च आणि वास्तुविशारद पेटर थुंबच्या देखरेखीखाली ग्रंथालयाचा तो दिवाणखाना बांधला. १७६७ मध्ये तो पुरा झाला. पुढची जेमतेम तीस वर्षं शांततेची होती. मग फ्रेंच राज्यक्रांतीचं वारं आलं. शेवटचा मठाधिपती पांक्राझ फोर्स्टर पोथ्या पेट्यांत भरून देशाबाहेर पाठवता झाला. १८०३ मध्ये नेपोलियनच्या मध्यस्थीनं सेंट गॅलन नावाचा नवा प्रांत जन्मला, आणि १८०५ मध्ये त्या प्रांताच्या विधिमंडळानं मठ बरखास्त केला. फोर्स्टर परागंदा अवस्थेत वारला. मठ संपला, पण पोथ्या परत आल्या, आणि प्रांताच्या कॅथलिक समाजाकडे सोपवल्या गेल्या. आजही मालकी त्यांचीच आहे.

आज आवारात उभं राहिलं तर एका बाजूला बिशपचं निवासस्थान आणि कॅथेड्रल, दुसऱ्या बाजूला मठाच्याच इमारतीत प्रांताचं सरकार आणि विधिमंडळ. मधल्या हिरवळीवर मुलं डबे उघडून बसतात. १९८३ मध्ये युनेस्कोनं हे सगळं जागतिक वारशात घेतलं.

शहराच्या सवयी

लिनन गेलं, सूत आलं, आणि मग भरतकाम. १८६३ मध्ये इझाक ग्रोब्लीनं धोट्याच्या भरतकामाचं यंत्र काढलं, आणि १९१० च्या सुमारास जगातल्या भरतकामाचा निम्म्याहून मोठा वाटा या एका टापूत होत होता. शेतकऱ्यांच्या घरात यंत्र बसवलेलं असे, आणि बारीक बोटांची पोरं शाळेआधी आणि शाळेनंतर शेकडो सुयांत दोरा ओवीत. शहराचे भव्य व्यापारी वाडे त्या बोटांवर उभे आहेत, हे विसरून ते पाहू नयेत. पहिल्या महायुद्धानं तो धंदा कोसळवला. तरी पॅरिसच्या बड्या शिंप्यांकडे सेंट गॅलनची लेस आजही जाते.

जुन्या शहरात घरांच्या दर्शनी भिंतीवर कोरीव लाकडाचे बंदिस्त सज्जे आहेत, एकूण १११ मोजतात. कापडव्यापाऱ्यांची ती हौस आणि ऐपत. त्यांच्यावर पेलिकन, उंट, दूरदेशीची माणसं कोरलेली दिसतात.

मुलांचा उत्सव १८२४ पासूनचा. आता तो दर तीन वर्षांनी होतो. शहरातल्या सगळ्या शाळांची मुलं मिरवणुकीनं डोंगरावरच्या कुरणात जातात, अंगात भरतकामाचे पांढरे कपडे. तारीख आधी पक्की नसते. आभाळ निवळलं की ठरते, आणि मग सगळं गाव कामधाम सोडून निघतं. त्या दिवसासाठी खाटीक सॉसेज नेहमीपेक्षा मोठा करतात. तो पांढरा, भाजून खायचा सॉसेज खाटकांच्या संघाच्या १४३८ च्या नियमांत नोंदलेला आहे. पावासोबत हातात धरून खायचा, आणि मोहरीची चटणी लावायची नाही. लावली तर सेंट गॅलनचा माणूस मनापासून दुखावतो. १६ ऑक्टोबरला गालुसचा दिवस साजरा होतो.

पान ११२

ग्रंथालयातल्या शेकडो हस्तलिखितांची पानं न् पानं आता इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येतात. त्यांतली एक पोथी ९०४ क्रमांकाची, प्रिस्किअनच्या लॅटिन व्याकरणाची. ८५० च्या आसपास आयरिश लेखकांनी ती उतरवली. समासात आणि ओळींच्या मधल्या जागेत त्यांनी हजारो टिपा लिहिल्या आहेत, त्याही आपल्या आयरिश भाषेत. आयरिश भाषेचा त्या काळचा अभ्यास आज मुख्यतः अशा टिपांवर चालतो. कुणी थंडीनं बोटं कुरकुरतात असं लिहून जातो, कुणी कालच्या दारूची डोकेदुखी नोंदवतो.

पान ११२ उघडा. वरच्या समासात चार छोट्या ओळी आहेत. लेखक म्हणतो, आज रात्री वारा जहरी सुटला आहे, समुद्राचे पांढरे केस पिंजून काढतो आहे. म्हणून आज मला भीती नाही. अशा समुद्रातून नॉर्वेचे रानटी योद्धे येणार नाहीत. आणि खाली, सुंदर गोल अक्षरांत, व्याकरण पुढे चालू.